लायब्ररीतल्या आफ्रिकन-कॅरिबियन लेखन ग्रुपमध्ये नेमकं काय चालतं? मराठी माणसाने तिथे जावं का?

दोन गोष्टी विचारल्यात तुम्ही. इंग्लंडला नवीन आलात, जवळच्या लायब्ररीत ‘ऑक्टोबरात आफ्रिकन आणि कॅरिबियन वारसा लिहून साजरा करू या, सगळ्यांनी या’ अशी जाहिरात बघितलीत. तर हे लिहून साजरं करणं म्हणजे काय, आणि आपण गेलो तर आगंतुक वाटू का? दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकते: जा, खुशाल जा. फक्त सुरुवातीला लिहायला जाऊ नका, लिहून घ्यायला जा.

मी उत्तर लंडनमध्ये बरीच वर्षं आहे आणि अशाच एका ग्रुपमध्ये लेखनिकाचं काम करते. येणारी माणसं बहुतेक सत्तरी-ऐंशीची. कुणाचा हात थरथरतो, कुणाला मोतीबिंदू, कुणाची शाळा लहानपणीच सुटलेली. ते सांगतात, मी उतरवून घेते, वाचून दाखवते. मग “छे, असं नव्हतं ते” म्हणतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. घरी येऊन मी ते टाइप करते.

ऑक्टोबरच का, ते थोडक्यात. अमेरिकेत कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ साली फेब्रुवारीत काळ्या लोकांच्या इतिहासाचा एक आठवडा सुरू केला, पुढे त्याचा महिना झाला. ब्रिटनमध्ये १९८७ साली मूळचे घानाचे अकयाबा अदाई-सेबो लंडनच्या स्थानिक प्रशासनात काम करत होते. त्यांच्या एका सहकारी बाईंनी मुलाचं नाव मार्कस गार्वी या काळ्यांच्या जमैकन पुढाऱ्यावरून मार्कस ठेवलं होतं, आणि तोच मुलगा एका रात्री आईला विचारत होता की मी गोरा का नाही. त्यातून इथला ब्लॅक हिस्टरी मंथ उभा राहिला. शाळांचं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं म्हणून ऑक्टोबर.

लिहिणं मात्र या महिन्याच्या कितीतरी आधीचं आहे. जाहिरातींवर कार्निव्हलच्या, म्हणजे नाचगाण्याच्या जत्रेतल्या, रंगीत पिसांची आणि स्टीलपॅन या पिंपापासून केलेल्या वाद्याची चित्रं असतात, त्यावर जाऊ नका. किंवा जा, कारण पिसांच्या त्या कार्निव्हलमागेसुद्धा एक वर्तमानपत्रच होतं. क्लॉडिया जोन्स या मूळच्या त्रिनिदादच्या बाई. कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेने त्यांना तुरुंगात टाकलं आणि १९५५ मध्ये हद्दपार केलं. लंडनला येऊन त्यांनी १९५८ साली ब्रिक्स्टनमधून ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ काढलं. पुढे त्याच्या नावात ‘आफ्रो-एशियन’ हेही जोडलं गेलं, म्हणजे आपली सोय त्यांनी तेव्हाच करून ठेवली होती! त्याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी लंडनच्याच नॉटिंग हिल भागात गोऱ्या टोळ्यांनी कॅरिबियन लोकांवर हल्ले केले, दंगल बरेच दिवस चालली. उत्तर म्हणून गॅझेटने ३० जानेवारी १९५९ ला सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला. हॉलमध्ये, कारण जानेवारीत लंडनच्या रस्त्यावर कोण नाचणार? त्या कार्यक्रमाची एक पुस्तिका विकायला ठेवली होती. तिच्यावर छापलं होतं की विक्रीतला काही भाग नॉटिंग हिलच्या प्रकरणात दंड झालेल्या काळ्या आणि गोऱ्या तरुणांचा दंड भरायला जाईल. दोघांचाही! आजच्या प्रचंड नॉटिंग हिल कार्निव्हलच्या मुळांमध्ये हे एक मूळ आहे.

यानंतरचा काळ घरगुती प्रकाशकांचा. सेरा व्हाइट आणि त्रिनिदादचे जॉन ला रोझ यांनी १९६६ साली न्यू बीकन बुक्स काढलं तेव्हा दुकान नव्हतंच, पिशवीत पुस्तकं भरून सभांना न्यायची. पुढे फिन्सबरी पार्कला दुकान झालं. २०२१ च्या अखेरीला ते बंद पडायच्या बेतात होतं, लोकांनी वर्गणी काढून तगवलं. जेसिका आणि एरिक हंटली हे गयानाचं जोडपं तर पश्चिम लंडनमधल्या आपल्या बैठकीच्या खोलीतून पुस्तकं प्रकाशित करत होतं. त्यामागे कारणही तसंच घडलं. वॉल्टर रॉडनी हा गयानाचा तरुण इतिहासकार जमैकाच्या विद्यापीठात शिकवायचा, आणि संध्याकाळी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत जाऊन आफ्रिकेचा इतिहास सांगायचा. १९६८ मध्ये जमैका सरकारने त्याला देशात परत येऊच दिलं नाही. मग लंडनमधल्या मित्रमंडळींनी पैसे गोळा करून पुढच्याच वर्षी त्याची भाषणं छापली. प्रकाशनाला नाव दिलं बोगल-लुव्हर्चर. पॉल बोगल जमैकातल्या १८६५ च्या उठावाचा पुढारी, आणि तुसाँ लुव्हर्चर हैतीतल्या गुलामांच्या उठावाचा.

आता म्हणाल, मोठमोठ्या प्रकाशनसंस्थांच्या शहरात हा घरगुती उद्योग कशाला? कारण पोरांच्या दप्तरात या लोकांबद्दल काहीच नव्हतं, आणि जे होतं ते नसलेलं बरं. १९७१ साली ग्रेनेडाचे शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांची एक छोटी पुस्तिका न्यू बीकनने छापली. कॅरिबियन मुलांना इथल्या शाळा सरसकट ‘मंदबुद्धी’ ठरवून वेगळ्या शाळांत कशा ढकलतात, हे त्यात उघड मांडलं होतं. आईबाप हादरले. कॅरिबियन लोकांनी आपल्या मुलांसाठी स्वतःच चालवलेल्या शनिवारच्या शाळा आधीपासून कुठेकुठे चालू होत्या, त्या आता जोरात वाढल्या. लेन गॅरिसन यांनी सत्तरच्या दशकात काळ्या तरुणांसाठी निबंध स्पर्धा सुरू केली. याच गॅरिसन यांनी इतरांच्या साथीने १९८१ साली ब्लॅक कल्चरल आर्काइव्ह्ज सुरू केलं, ते आता ब्रिक्स्टनच्या विंडरश चौकात आहे. दोन्ही कामं एकाच माणसाने करावीत यात मला नवल वाटत नाही. आधी लिहायला लावायचं, मग लिहिलेलं जपायचं.

आमच्या शेजारच्या हॅकनीमधली गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. १९७१ मध्ये तिथे डाल्स्टनला सेंटरप्राइज नावाचं पुस्तकांचं दुकान निघालं. सोबत कॉफीची टेबलं, कायद्याचा सल्ला, प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवण्याची सोय. २०१२ ला ते बंद झालं. तर या दुकानाने १९७२ साली व्हिव्हियन अशरवुड नावाच्या बारा वर्षांच्या कॅरिबियन मुलाच्या कवितांची पातळशी पुस्तिका छापली. हा मुलगा शाळेत मागे पडलेल्यांच्या वर्गात होता. पुस्तिकेच्या दहा हजारांवर प्रती खपल्या. कवितेच्या, हं! मराठीत काय किंवा इंग्रजीत काय, नावाजलेल्या कवीचा संग्रह किती खपतो ते आठवा. त्या विकल्या गेल्या वस्तीत, शाळांत, हातोहात.

अशा गटांनी १९७६ मध्ये आपला महासंघ केला आणि सरकारी कला परिषदेकडे अनुदान मागितलं. परिषदेच्या साहित्य समितीने नमुने वाचले आणि यात ठोस वाङ्मयीन गुण जवळपास नाहीतच, असा शेरा मारला. मराठी वाचकाला हा शेरा ओळखीचा वाटेल. दलित आत्मकथनं आली तेव्हा आपल्याकडच्या जाणकारांनी “याला साहित्य म्हणायचं का?” असंच विचारलं होतं. हे दोन प्रवाह अगदी अनोळखी नाहीत. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेहून शिकून आले ते तिथल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याबद्दल तळमळीने बोलत, लिहीत. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच. तेव्हा तुम्ही त्या टेबलाशी बसलात तर अगदीच परक्या ओसरीवर बसलात असं नाही. पण हे सगळं तिथे गेल्या गेल्या सांगत सुटू नका. “आमच्याकडेही अगदी असंच” हे वाक्य आपल्या लोकांच्या फार तोंडात असतं, आणि समोरच्याचं बोलणं त्याने तिथेच तुटतं.

प्रत्यक्ष बैठक कशी असते ते सांगते. जमैकाच्या एक आजी, निवृत्त नर्स. पहिल्या दिवशी म्हणाल्या, माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. हे सगळेच म्हणतात. ग्रुप चालवणाऱ्या बाई मुरलेल्या. त्यांनी ‘तुमचा अनुभव सांगा’ वगैरे काही विचारलं नाही. विचारलं, तुमच्या फ्रंट रूममध्ये काय काय होतं? झालं, आजी सुटल्या. क्रोशाचे रुमाल साखरेच्या पाण्यात बुडवून ताठ करायचे, म्हणजे फुलदाणीखाली झालरीसारखे उभे राहतात. सोफ्यावर प्लॅस्टिक. भिंतीवर येशूचं शेवटचं भोजन. कोपऱ्यात रॉकेलचा हीटर, त्याचा वास कोटाला, केसांना, सगळ्याला. आणि या सगळ्यावर मान रेडिओग्रामचा, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेलं ते लांबलचक लाकडी कपाट. मुलांना खोलीत पाय ठेवायची मुभा फक्त रविवारी.

रेडिओग्राम कसा घेतला? पार्डनरमधून. पार्डनर म्हणजे आपली भिशी, तंतोतंत. दर आठवड्याला ठरलेली रक्कम एकीकडे द्यायची, ती ‘बँकर’, आणि पाळीपाळीने एकेकाला सगळी रक्कम मिळते. त्रिनिदादचे लोक तिला सूसू म्हणतात. इथल्या बँका कर्ज देईनात आणि घरमालक खोली देईनात, तेव्हा कॅरिबियन माणसांनी घरांची पहिली रक्कम या भिशीतून उभी केली. आजींच्या घराचीही तशीच झाली. म्हणजे क्रोशाच्या रुमालावरून सुरू झालेलं बोलणं दीड पानात घर कसं झालं तिथवर आलं, आणि त्यांनी ‘वर्णभेद’ हा शब्द उच्चारलासुद्धा नव्हता.

दुसऱ्या खेपेला त्या दवाखान्यातल्या नोकरीच्या विषयावर आल्या. तेव्हा नर्सिंगचे दोन मार्ग होते. तीन वर्षांचा रजिस्टर्ड नर्सचा आणि दोन वर्षांचा एन्रोल्ड नर्सचा. कॅरिबियनहून आलेल्या कितीतरी मुलींना नीट न सांगताच दुसऱ्यात घातलं गेलं. त्यात बढती जवळजवळ नाही, आणि मायदेशी परत गेलं तर त्या कागदाला किंमत नाही. आजींना हे कळलं ते शिक्षण निम्मं झाल्यावर. हा भाग उतरवून घेताना त्यांनी मला तीनदा थांबवलं, कारण त्यांना राग दिसायला हवा होता पण रडगाणं नको होतं. शेवटी त्यांनी फक्त दोन बिल्ल्यांच्या रंगातला फरक लिहायला सांगितला.

नवीन येणाऱ्याला पहिली खुमखुमी येते ती इंग्रजी ‘सुधारायची’. विशेषतः आपल्याला, कारण व्याकरणाचे मार्क आपण जन्मभर मिरवतो. तो मोह आवरा. जमैकन बोलीला तिचं व्याकरण आहे, ते चुकलेलं इंग्रजी नव्हे. लुईझ बेनेट चाळीसच्या दशकापासून त्या बोलीत कविता लिहीत होत्या, लोक डोक्यावर घेत होते, आणि तरी त्यांना कवयित्री म्हणायला तिथल्या साहित्यिकांनी वर्षानुवर्षं लावली. आपल्याला हे बहिणाबाईंवरून पटकन समजावं. बाईंना लिहिता येत नव्हतं, त्या म्हणत आणि घरातल्यांनी ते टिपून ठेवलं, म्हणून आज ते आपल्या हाती आहे. टिपणाऱ्याने शहाणपणा करून सगळं पुणेरी करून ठेवलं असतं, तर अत्र्यांनी छापलं तरी काय असतं? लेखनिकाचं काम तेवढंच. वाक्य जसं आलं तसं घ्यायचं, आणि शंका आली तर त्यांनाच विचारायचं.

हे कागद नुसते हौसेचे नाहीत, हेही सांगायला हवं. एम्पायर विंडरश या जहाजातली माणसं २२ जून १९४८ ला लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरली, त्यातल्या ८०० हून अधिक जणांचा शेवटचा पत्ता कॅरिबियनमधला होता. त्यानंतर आलेली हजारो माणसं आणि त्यांची पोरं ब्रिटिश प्रजा म्हणून हक्काने आली होती. वेगळा कागद काढायची त्यांना गरजच नव्हती. पुढे कायदे कडक झाले, आणि आयुष्यभर इथे नोकरी करून कर भरलेल्या माणसांकडे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या एकेका वर्षाचे पुरावे मागितले गेले. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार थांबले, काहींना डिटेन्शनमध्ये टाकलं, काहींना देशाबाहेर धाडलं. २०१८ मध्ये हे सगळं बाहेर आलं. त्यातच हेही कळलं की ही माणसं कधी उतरली ते दाखवणाऱ्या जुन्या लँडिंग स्लिपा गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केल्या होत्या. आमच्या ग्रुपमध्ये यावर फार बोलत नाहीत. पण तारखांच्या बाबतीत ही मंडळी विलक्षण काटेकोर आहेत, आणि जुन्या पगारपत्रकांची पाकिटं अजून जपून आहेत, याचं कारण हेच असावं असं मला वाटतं.

‘आफ्रिकन आणि कॅरिबियन’ असं एका दमात म्हणतात, त्यात आफ्रिकन बाजू बरेचदा झाकली जाते. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये काळे आफ्रिकन सुमारे १५ लाख आणि काळे कॅरिबियन सुमारे ६.२ लाख निघाले. तरी ऑक्टोबरातल्या पुस्तिकांमध्ये विंडरशच्या आठवणीच जास्त. यात वयाचा भाग आहे, कॅरिबियन मंडळी आधी आली, आता म्हातारी झाली. पण घाना, नायजेरिया, काँगो, सोमालिया हे एका ओळीत आटपायचे देश नव्हेत. सोमाली लोकांचंच बघा. त्यांच्या भाषेला अधिकृत लिपी मिळाली १९७२ साली, त्याआधी शेकडो वर्षं कविता तोंडपाठ चालत आलेली. गबाय या त्यांच्या भारदस्त काव्यप्रकारात अख्ख्या कवितेत एकाच अक्षराचा अनुप्रास सांभाळायचा असतो, ओळीमागून ओळ. आमच्याकडे एक सोमाली आजोबा येतात, त्यांनी एकदा म्हणून दाखवली. उतरवून घेणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यांच्या नातीने रेकॉर्ड केली, आता ती घरी बसून लिहिते आहे. तुमच्या ग्रुपमध्ये अशी माणसं असतील तर चालवणाऱ्यांना हळूच सुचवा की लिहिणं म्हणजे फक्त गद्य आठवण नव्हे.

आणखी एक गंमत तुम्हाला तिथे दिसेल. एखाद्या गयानी किंवा त्रिनिदादी बाईंचं आडनाव रामप्रसाद निघेल आणि त्या डब्यात डाळ भरलेली रोटी घेऊन येतील. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी १८३८ पासून गयानाला आणि १८४५ पासून त्रिनिदादला करारबद्ध हिंदी मजूर नेले, ते १९१७ पर्यंत. बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, कलकत्त्याहून चढलेले. मराठी माणूस त्यात फारसा नव्हता. त्यामुळे भाऊबंदकी सांगायला जाऊ नका, पण त्यांचंही कॅरिबियनपण तितकंच खरं आहे हे ध्यानात ठेवा. लीड्समध्ये १९८५ साली निघालेलं पीपल ट्री प्रेस हे छोटं प्रकाशन कॅरिबियन साहित्याला वाहिलेलं आहे. नावातला ‘पीपल’ म्हणजे आपला पिंपळ, त्या मजुरांबरोबर समुद्रापार गेलेला. प्रकाशनाची सुरुवात झाली ती गयानाच्या ऊसमळ्यांवर वाढलेल्या रूपलाल मोनार यांच्या कथांनी. २०१९ चं टी. एस. एलियट पारितोषिक, म्हणजे इथला कवितेचा फार मोठा मान, रॉजर रॉबिन्सन यांच्या ज्या संग्रहाला मिळालं तोही याच प्रकाशनाचा. स्थानिक, छोटं म्हणजे कच्चं, असं समजणाऱ्यांसाठी सांगितलं.

एक कडू गोष्टही बोलते. इथल्या आपल्याच घरांमध्ये ‘त्या वस्तीत घर नको, तिथे काळे फार’ असं सहज म्हटलं जातं, तेही पोरांसमोर. तुम्ही लायब्ररीत जाऊन आलात की घरी त्यावर बोलणं होईल. होऊ द्या. मुलांना एखाद्या शनिवारी बरोबर न्या. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना टायपिंग माझ्या दुप्पट वेगाने येतं, आणि आजी-आजोबांनाही नव्या पोरांशी बोलायला आवडतं.

बाकी कामाच्या गोष्टी. ऑक्टोबरात पुस्तिका हवी असेल तर लेखन उन्हाळ्यातच व्हावं लागतं, म्हणून आत्ता चौकशी करा. कुणाचंही लिहिलेलं किंवा फोटो छापण्याआधी लेखी परवानगी घ्या, आणि मधेच मन बदललं तर पान काढायची तयारी ठेवा. मृत्यूबद्दल, सोडून गेलेल्या नवऱ्याबद्दल लोक भरभरून सांगतात आणि आठवड्याने घाबरतात. जुने फोटो स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख बहुधा तिथेच असते. पुस्तिका रीतसर प्रकाशित केली तर एक प्रत महिन्याभरात ब्रिटिश लायब्ररीला पाठवणं कायद्याने बंधनकारक आहे. सोबत एक प्रत तुमच्या कौन्सिलच्या स्थानिक इतिहास विभागात द्या. तिथे ती शंभर वर्षांनीही सापडेल, फेसबुकवर टाकलेली पुढच्या ऑक्टोबरपर्यंतही सापडणार नाही.

लायब्ररीत फोन कराल तेव्हा “मला लेखनिक म्हणून यायचंय” एवढंच सांगा. लिहिणारे भरपूर असतात, उतरवून घेणारे कायम कमी. वही जाड घ्या, पेन्सिली दोन-तीन घ्या. आणि चहाच्या किटलीशेजारी एक डबा असतो त्यात सुटे पैसे टाकायचे असतात, हे कुणी सांगत नाही.